शिकाऱ्याचा शिधा: काय न्यायचं, कुणापासून जपायचं!

अमेरिकेतल्या माँटाना-आयडाहोच्या डोंगरांत सप्टेंबर उजाडला की एल्कच्या शिकारीची लगबग सुरू होते. एल्क म्हणजे आपल्या सांबराहूनही थोराड हरीण. परवाना काढायचा, बिऱ्हाड पाठीवर घ्यायचं आणि आठवडाभर दुकान, रस्ता, रेंज सगळं विसरायचं. (भारतात १९७२च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे, आपण फक्त त्यांच्या पिशवीत डोकावू!)

माणशी, दिवसाला पाऊण ते एक किलो कोरडा शिधा, हा ढोबळ हिशेब. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, साखरेच्या ग्रॅमला जेमतेम ४. म्हणून पीनट बटर, बदाम, चीज यांना मानाचं पान, काकडी-टोमॅटो घरीच. पाणी ओढ्याला असतं, ते भाजीतून कशाला वाहायचं?

पावाचा पिशवीत चुरा होतो, म्हणून मेक्सिकन टॉर्टिया, म्हणजे तिकडच्या पोळ्या. १९८५ मध्ये अंतराळवीर रोदोल्फो नेरी वेला यांनी टॉर्टिया थेट अवकाशात नेल्या. भुगा उडत नाही, हे पाहून नासानेही त्या आपल्याशा केल्या.

रात्री गोठवून-सुकवलेल्या जेवणाचं पाकीट. उकळतं पाणी ओता, थांबा, खा. मात्र ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पाकिटावरच्या वेळेपेक्षा जास्त थांबावं लागतं. तिथे कच्ची डाळ नेणाऱ्याची धडगत नाही.

या सगळ्याचा खापरपणजोबा म्हणजे पेमिकन: सुकं मांस कुटायचं, वितळलेली चरबी ओतायची, जमलं तर रानबेरी. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची ही करामत महिनोन्‌महिने टिकते. १८१४ मध्ये आजच्या कॅनडातल्या रेड रिव्हर वसाहतीच्या गव्हर्नरने ते बाहेर न्यायला बंदी घातली, तर त्यावरच पोट भरणाऱ्या फरच्या व्यापाऱ्यांत चक्क मारामाऱ्या पेटल्या!

टिकणारं सगळंच गोड लागतं असं नाही. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेने १९३ पौंड घट्ट आटवलेलं सूप बरोबर घेतलं होतं. सप्टेंबर १८०५ मध्ये याच डोंगरांत शिकार मिळेना, तेव्हा ते बाहेर निघालं. लोकांना ते इतकं बेचव लागलं की त्यांनी एक शिंगरू मारून खाल्लं. शिकार मिळेलच असं धरून शिधा कमी नेऊ नये, ते यासाठी.

आणि अस्वल! खाणं तंबूत ठेवायचं नाही, टूथपेस्टसुद्धा नाही. अस्वलाला न उघडणारे डबे मिळतात, पण त्यांची परीक्षा कोण घेतं? वेस्ट यलोस्टोन गावातल्या अस्वल-केंद्रात ठेवलेली ग्रिझली अस्वलं. त्यांनी तासभर चावून, आपटूनही डबा फुटला नाही, तर तो पास. यापेक्षा चोख गुणवत्ता तपासणी कुठल्याही कारखान्यात होत नसेल.

जाताना पिशवी हलकी हवी, याचं खरं कारण परतीच्या वाटेवर असतं. मोठ्या एल्कचं हाडं काढलेलं मांसच ८०-१०० किलो भरतं. ते पाठीवरून खेपा घालून आणायचं. अलास्कात तर खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे. आधी मांस हलवायचं. भिंतीवर मिरवायची शिंगं निघतात शेवटच्या खेपेला.