झेनिथ : एका घड्याळाचा अज्ञातवास

मनगटावरचे घड्याळ वेळ दाखविते, एवढेच आपण जाणतो. त्याच्या पोटात काय चालले आहे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी. यंत्रशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही स्वित्झर्लंडमधील ‘झेनिथ’ या घड्याळांची हकीकत मला एखाद्या बखरीइतकीच रंजक वाटली.

फ्रान्सच्या सरहद्दीजवळ, जुरा पर्वतराजीत ल लोक्ल नावाचे लहान शहर आहे. तेथे 1865 साली जॉर्ज फाव्र-जाको याने आपला व्यवसाय सुरू केला. त्या काळी घड्याळाचे निरनिराळे भाग कारागीर आपापल्या घरी बनवीत. हे विखुरलेले कसब त्याने एका छपराखाली आणले. ‘झेनिथ’ म्हणजे आकाशातील आपल्या माथ्यावरचा सर्वोच्च बिंदू. महात्मा गांधींजवळचे खिशातले गजराचे घड्याळही झेनिथचेच होते. 2009 साली न्यूयॉर्क येथे त्याचा लिलाव झाला, तेव्हा भारतात त्याची मोठी चर्चा झाली.

या कंपनीची खरी कीर्ती मात्र ‘एल प्रिमेरो’ या यंत्रामुळे झाली. स्पॅनिश भाषेत याचा अर्थ ‘पहिला’. शर्यतीत वापरतात तशी थांबवता-चालवता येणारी वेळ मोजण्याची सोय ज्या घड्याळात असते, त्यास क्रोनोग्राफ म्हणतात. असे घड्याळ हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे असावे, यासाठी 1969 साली अनेक कंपन्यांत चुरस लागली होती. झेनिथने 10 जानेवारीस आपले यंत्र जाहीर केले. त्याचे वैशिष्ट्य असे की, त्यातील बॅलन्स चक्र तासाला 36,000 ठोके देते. म्हणजे सेकंदाला 10! त्यामुळे सेकंदाचा दहावा भाग मोजता येतो. ठोके जलद असल्याने मनगटाच्या धक्क्यांचाही त्याच्या चालीवर कमी परिणाम होतो.

पण त्याच वर्षी, 25 डिसेंबरला, जपानच्या सेइको कंपनीने स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. पुढे अशी घड्याळे स्वस्त होत गेली आणि वेळही अधिक अचूक दाखवू लागली. स्विस घड्याळधंद्यात हाहाकार उडाला. हजारो कारागिरांची पिढीजात रोजी गेली. 1971 साली झेनिथ एका अमेरिकन कंपनीच्या ताब्यात गेली होती. 1975 साली त्या मालकांनी हुकूम काढला : यांत्रिक घड्याळे बंद करा, हत्यारे भंगारात विका.

कारखान्यात शार्ल वेर्मो नावाचा एक कारागीर होता. हे यंत्र घडविण्यात त्याचा हातभार होता. त्याने वरिष्ठांना विनवणी केली. ती मानली गेली नाही. तेव्हा त्याने मालकांच्या नकळत साचे, कटर आणि आराखडे एकेक करून कारखान्याच्या माळ्यावर नेऊन लपविले. प्रत्येक वस्तूवर खूण घातली आणि कोणते काम कसे करावयाचे, हे वहीत टिपून ठेवले. पांडवांनी अज्ञातवासात शमीच्या झाडावर शस्त्रे ठेवली, तसाच हा प्रकार!

पुढे कंपनी पुन्हा स्विस मालकांकडे आली आणि यांत्रिक घड्याळांना मागणी येऊ लागली. ती हत्यारे नव्याने करावयाची तर प्रचंड खर्च आला असता. वेर्मोने माळा दाखविला आणि 1984 साली ‘एल प्रिमेरो’चे उत्पादन पुन्हा सुरू झाले. 1988 पासून 2000 पर्यंत रोलेक्सने आपल्या ‘डेटोना’ घड्याळात याच यंत्राची सुधारित आवृत्ती वापरली. प्रतिस्पर्ध्याने दिलेली याहून मोठी पावती कोणती?

आज असे घड्याळ घ्यावयाचे तर लाखो रुपये मोजावे लागतात. आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना ते परवडणारे नाही, आणि नुसती वेळ पाहण्यासाठी त्याची गरजही नाही. परंतु मला त्यात दुसरेच काही दिसते. वाड्यांच्या माळ्यांवर कुजत पडलेले मोडी कागद इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जमविले, म्हणून आपल्याला आपला इतिहास लिहिता आला. वेर्मोने लोखंडाचे साचे जपले, राजवाड्यांनी कागद जपले. दोघांच्याही काळी त्या वस्तूंना बाजारात फारशी किंमत नव्हती. आपल्या घरचा माळा रिकामा करताना रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी एकदा गाठोडे सोडून पाहावे, एवढेच मी माझ्या मित्रांना सुचवीन.