सशाच्या गंधग्रंथी: मळ कोणता, आजार कोणता?



सशाच्या जांघेत काळपट मळ दिसला, उग्र वास आला, की बरेच जण थेट औषधाची बाटली शोधतात. तर कधी उलटंच होतं. खरा आजार असतो आणि आपण "मळच आहे" म्हणून सोडून देतो. दोन्हीतला फरक ओळखा.

*या ग्रंथी कुठे असतात?*
लघवीच्या जागेच्या दोन्ही बाजूंना केस नसलेल्या दोन छोट्या खाचा असतात. तिथे पिवळट-तपकिरी, मेणासारखा, उग्र वासाचा स्राव साठतो. या वासानेच ससे एकमेकांना ओळखतात. नर-मादी दोघांनाही ग्रंथी असतात, नराचा वास जास्त. थोडा मळ आणि वास हा आजार नाही. धडधाकट ससा स्वतःच चाटून साफ करतो. लठ्ठ, म्हातारा किंवा पाय दुखणारा ससा वाकू शकत नाही, मग मळ साठून कडक होतो.

*कधी बघायचं?*
महिन्यातून एकदा. शिवाय मादी नराच्या पिंजऱ्यात सोडण्याआधी दोघांचंही, दर वेळी.

*कसं धरायचं?*
काम दोघांचं आहे. कान धरून उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. धरणाऱ्याने जमिनीवर बसून सशाची पाठ आपल्या छातीला टेकवावी आणि मागच्या पायांना आधार द्यावा. पाय अधांतरी राहिले आणि सशाने जोरात झटका मारला तर त्याचा कणा मोडू शकतो. काम सकाळी गारव्यात करा. ससा धापा टाकू लागला तर लगेच सोडा, उद्या बघू.

*साफ कसं करायचं?*
१) हात धुवा. कापूस कोमट पाण्यात किंवा खोबरेल तेलात भिजवा.
२) मळावर दोन-तीन मिनिटं ठेवा, मऊ होऊ द्या.
३) हलक्या हाताने पुसून काढा. नखाने खरवडू नका, कोरडी खपली ओढू नका. एका वेळेस निघालं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.
४) जागा कोरडी करा.
मळ कडक झाला असेल तरच साफ करा. रोज पुसायची गरज नाही. साबण, डेटॉल, फिनाईल लावू नका. सशाला अंघोळही घालू नका.

*हा मळ नव्हे, आजार!*
त्या जागी फोड, सूज, पू, रक्त किंवा लालसर जखमेवर खपल्या दिसल्या, तशाच खपल्या नाक-ओठांवरही असल्या, तर तो मिलनातून पसरणारा गुप्तरोग असू शकतो. माणसाला तो होत नाही, पण एक नर अनेक माद्यांना लावला जातो, म्हणजे एका नरामुळे पूर्ण शेडमध्ये पोहोचतो. असा ससा त्याच दिवशी वेगळा करा, जोड लावणं थांबवा, पशुवैद्यकांना दाखवा.

*महत्त्वाचं:* यावर पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात, तेही डॉक्टरांनीच द्यायचं. घरातली उरलेली पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनची गोळी सशाला तोंडाने कधीच देऊ नका. पोटातले चांगले जिवाणू मरतात, जुलाब लागतात आणि ससा दगावतो.

*पावसाळ्यात आणखी एक*
मागचा भाग ओला, घाण राहिला की माशी तिथे अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडू शकतात. अळी दिसली तर वाट बघू नका, तातडीने डॉक्टर गाठा. मऊ लेंड्या चिकटत असतील तर दोष ग्रंथींचा नाही, बहुतेक वेळा खाण्याचा असतो. खुराक कमी करा, वाळलेलं गवत वाढवा.

पशुवैद्यकीय मदतीसाठी टोल-फ्री १९६२ वर फोन करा. खात्री होत नसेल तर आधी फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा, मगच हात लावा.

या महिन्याची तपासणी आजच उरका. सुरुवात पैदाशीच्या नरापासून करा.

आपला,
पशुपालन सल्ला विभाग