मोहोळ परिसरातील वनस्पतिजन्य आहार आणि आम्लपित्त : आहारनिवडीचा विचार

प्रस्तावना :

मोहोळ परिसरात छातीत जळजळ झाली की 'पित्त झाले' असे म्हणून विषय संपविला जातो. शाकाहारी माणसास हा त्रास होऊच नये, अशीही समजूत आढळते. वस्तुतः अन्नातील स्निग्धांश, त्याचे प्रमाण आणि भोजनाची वेळ यांच्याशी या विकाराचा निकटचा संबंध आहे. दूधही वर्ज्य असलेल्या, केवळ वनस्पतिजन्य आहाराच्या संदर्भात प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

विवेचन :

माधवनिदान या ग्रंथात आम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण असून ऊर्ध्वग व अधोग असे त्याचे भेद सांगितले आहेत. आधुनिक वैद्यकानुसार अन्ननलिका व जठर यांच्या संधीवरील वर्तुळाकार स्नायू अवेळी सैलावला की जठरातील आम्ल वर चढते. म्हणजे आम्ल अधिक तयार होते असे नव्हे, तर ते नको तेथे पोहोचते. स्निग्ध पदार्थांनी तसेच जठर गच्च भरल्याने हा स्नायू सैलावण्यास वाव मिळतो.

या दृष्टीने येथील ज्वारीच्या भाकरीस दोष देता येत नाही. मालदांडी ३५-१ या वाणाशी मोहोळच्या कृषी संशोधन केंद्राचे नाव जोडलेले आहे. त्या ज्वारीत स्निग्धांश अल्प व तंतुमय भाग भरपूर असतो. प्रश्न आहे तो भाकरीसोबतच्या शेंगाचटणीचा व तर्रीदार आमटीचा. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो. चटणी कुटताना तेच तेल सुटते आणि चवही त्यातच असते. (प्रस्तुत लेखकासही ती सोडवत नाही.) चटणी दुपारी, चमचाभर घ्यावी, रात्री मुगाचे वरण, दोडका किंवा दुधी भोपळ्याची कमी तेलाची भाजी असावी. मिरची, कच्चा कांदा, टोमॅटो यांचा त्रास सर्वांना सारखा होत नाही. म्हणून पंधरा दिवस खाल्लेल्याची व त्रासाची नोंद ठेवून ज्याचे त्याने ठरवावे.

'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचे कूट, तळलेले वडे आणि त्यावर दुपारची झोप!

प्राध्यापकांचे वेळापत्रकही विचारात घ्यावे लागेल. तासिका संपेपर्यंत चहावर भागवायचे, रात्री दहाला पोटभर जेवून लगेच आडवे व्हायचे, हा क्रम मोडल्याविना पदार्थ बदलून फारसे साधत नाही. जेवण व झोप यांत दोन ते तीन तासांचे अंतर असावे, उशाकडची बाजू उंच करावी, डाव्या कुशीवर झोपावे. तंबाखू व मिसरीनेही तो स्नायू सैलावतो.

२०१७ साली अमेरिकेतील एका अभ्यासात, घशापर्यंत आम्ल येणाऱ्या रुग्णांत वनस्पतिप्रधान आहार व क्षारधर्मी पाणी यांचा परिणाम गोळ्यांच्या तोडीचा आढळला. तथापि तो जुन्या नोंदींवर आधारित होता. त्यावरून कोणी चालू औषध परस्पर बंद करू नये.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. आम्लरोधक गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण घटू शकते, आणि दूधही न घेणाऱ्यास ते आहारातून जवळजवळ मिळतच नाही. अशा व्यक्तीने ब-१२ पूरक स्वरूपात घ्यावे व रक्ततपासणी करावी. गिळताना अडखळणे, वजन घटणे, काळी शौच ही लक्षणे पथ्याने सोडवायची नसतात. छातीतील कळ हातात वा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर सोडा-लिंबू न घेता तत्काळ रुग्णालय गाठावे.