हतनूरचे दरवाजे, सुरतेचा ओटा

तापीकाठच्या शहरात ‘पूर येईल का’ हा प्रश्न सगळेच विचारतात. ‘माझ्या घरात कुठलं पाणी येईल आणि ते ओसरल्यावर पैसे कोण देईल’ हा प्रश्न मात्र पूर येऊन गेल्यावरच सुचतो.

सुरतेच्या लिंबायत, उधना, पांडेसरा भागातल्या मराठी घरांतून पावसाळ्यात भुसावळ-जळगावकडे एक फोन हमखास जातो. ‘मामा, हतनूरचे किती दरवाजे उघडले?’ पलीकडून उत्तर येतं, ‘एकेचाळीसच्या एकेचाळीस. सांभाळून राहा रे बाबा.’ त्या वेळी सुरतेत लख्ख ऊन असू शकतं, गच्चीवर कपडे वाळत असू शकतात. तरीही हा प्रश्न वेडेपणाचा नाही. उलट सुरतेच्या पुराचं अर्धं भूगोलशास्त्र त्यात आलं. उरलेलं अर्धं मात्र त्या प्रश्नातून निसटतं, आणि नेमकं तेच फोन करणाऱ्या भाच्याच्या घराशी जास्त जवळचं असतं.

पाऊस खानदेशात, पूर सुरतेत

तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते. तिचं खोरं ६५ हजार चौरस किलोमीटरचं. त्यातला जवळजवळ चार पंचमांश भाग महाराष्ट्रात येतो, गुजरातच्या वाट्याला जेमतेम सहा टक्के. अकोला-अमरावतीकडून येणारी पूर्णा चांगदेवला तापीला मिळते. खाली हतनूर धरण. त्याच्याही खाली गिरणा, बोरी, पांझरा आपापलं पाणी आणून ओततात. म्हणजे सुरतेच्या दारात येणारं पाणी बहुतेक मराठी मुलखात पडलेलं असतं. ते सगळं पाणी अडवायला उभं आहे ते १९७२ साली पुरं झालेलं उकाई धरण, सुरतेपासून सुमारे शंभर किलोमीटरवर.

उकाईचा जलाशय अडीच कोयना मावतील एवढा आहे. पण धरणाची खरी अडचण आकाराची नसून वेळापत्रकाची असते. सिंचन, पिण्याचं पाणी आणि वीज यांसाठी ते पावसाळ्याअखेर भरलेलं हवं. पूर झेलायचा तर ते रिकामं हवं. या ओढाताणीवर तोडगा म्हणून कोणत्या तारखेला पातळी किती ठेवायची याचं कोष्टक असतं. पूर्ण भरलेली पातळी ३४५ फूट आणि ती गाठायची ऑक्टोबरच्या तोंडावर. ऑगस्टच्या सुरुवातीला पातळी ३३३ फुटांच्या आसपास ठेवायची, म्हणजे वरचे बारा फूट येणाऱ्या लोंढ्यासाठी मोकळे. सुरतेतले जुने लोक पावसाळ्यात दुधाच्या भावासारखी उकाईची पातळी तोंडपाठ ठेवतात, ती याचसाठी.

२००६ : एक हिशोब जो जुळत नाही

ऑगस्ट २००६ मध्ये खोऱ्यात तुफान पाऊस झाला, उकाईत पाणी चढत गेलं आणि मग विसर्ग वाढवत वाढवत नऊ लाख क्युसेकच्या घरात न्यावा लागला. हा आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर खडकवासला घ्या. त्या धरणाचा उपयुक्त साठा सुमारे दोन टीएमसी. नऊ लाख क्युसेकने ते भरायला चाळीस मिनिटंही लागणार नाहीत. २५ जुलै २०२४ ला पुण्याच्या एकतानगरीतल्या तळमजल्यांत पाणी शिरलं, तेव्हा खडकवासल्यातून सोडलेलं पाणी होतं सुमारे ३५ हजार क्युसेक.

७ ऑगस्टला पाणी सुरत शहरात घुसलं. अडाजण, रांदेर, अठवा ही एरवी सुखवस्तू वस्ती पहिल्या मजल्यापर्यंत बुडाली. शहराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याखाली गेला, शंभरावर माणसं दगावली. त्यात ९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा. सुरतेच्या खाली तापी खंभातच्या आखाताशी जोडलेली आहे आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला तिथला समुद्र नदीचं पाणी सहजी आत घेत नाही. कोळी ज्या दिवशी समुद्राला नारळ वाहून शांत हो म्हणतात, त्याच दिवसांत तो सुरतेच्या मोरीला बूच लावून बसला होता.

मात्र सगळं खापर पौर्णिमेवर फोडता येत नाही. सुरतेत नदीची पातळी होप पुलापाशी मोजतात, तिथली धोक्याची खूण ९.५ मीटर. १९६८ साली, उकाई धरण पुरं होण्याआधी, तापीला साडेपंधरा लाख क्युसेकच्या आसपास पूर आला होता. तेव्हा होप पुलापाशी पाणी पोहोचलं १२.०८ मीटरवर. २००६ मध्ये पाणी होतं नऊ लाख क्युसेकच्या आसपास आणि पातळी गेली १२.४० मीटरवर. म्हणजे पाणी बरंच कमी आणि उंची मात्र जास्त. मधल्या चार दशकांत पात्रात गाळ साचला, पूरमैदानावर इमारती आल्या, तटबंदीने नदी आवळली गेली. बादलीभर पाणी परातीत ओतलं तर पसरतं, तांब्यात ओतलं तर काठावरून सांडतं. सुरतेने चाळीस वर्षांत आपली परात तांब्याएवढी केली.

यातच पूरजोखमीचा पहिला धडा आहे. धरण झालं की लोकांना वाटतं, आता भीती गेली. प्रत्यक्षात लहान पूर जातात आणि मोठे राहतात. लहान पूर दिसेनासे झाले की मोकळ्या काठावर प्लॉट पडतात, आणि मग पुढच्या मोठ्या पुराच्या वाटेत घरं उभी असतात. उकाई झाल्यानंतरही १९९४, १९९८ आणि २००६ असे तीन मोठे पूर सुरतेने पाहिले. १९९४ च्या पुरापाठोपाठ तर प्लेगची घबराट उडाली आणि माणसं मिळेल त्या गाडीने खानदेशाकडे पळाली.

‘शंभर वर्षांतून एकदा’ हा शब्दप्रयोगही असाच फसवा. त्याचा अर्थ एकदा येऊन गेला की पुढची शंभर वर्षं सुट्टी, असा नसतो. दर वर्षी शंभरात एक, एवढाच त्याचा अर्थ, आणि दर वर्षी फासे नव्याने पडतात. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता १८ टक्के निघते. घर पंचवीस वर्षांतून एकदा बुडणाऱ्या पट्ट्यात असेल, तर त्याच वीस वर्षांत ती ५६ टक्क्यांवर जाते. म्हणजे हप्ते फिटायच्या आत पाणी घरात येण्याचीच शक्यता अधिक.

तापीचं पाणी, खाडीचं पाणी

आता भाच्याच्या फोनकडे. लिंबायतमधल्या खोलीला तापीपेक्षा मिठी खाडी जास्त जवळची आहे. सुरतेच्या दक्षिण-पूर्व भागातून मिठी, कोयली, भेदवाड, काकरा अशा खाड्या वाहतात. नाव खाडी, पण त्या मूळच्या ओढ्या-नाल्यांच्या वाटा. शहरात आणि वरच्या तालुक्यांत धो धो पाऊस पडला की त्या भरतात, आणि खाली भरती असेल तर तुंबतात. याला सुरतेत ‘खाडीपूर’ असा स्वतंत्र शब्दच आहे. जून २०२५ मध्ये असं पाणी अनेक वस्त्यांत दिवसेंदिवस साचून राहिलं. त्याचा हतनूरशी काही संबंध नव्हता, उकाईशीही नव्हता.

दोन्ही पाण्यांचा स्वभाव वेगळा. तापीचा पूर क्वचित येतो, पण माणूसभर उंचीने. त्याची वर्दी मात्र आधी मिळते: वर किती पाऊस, हतनूरमधून किती विसर्ग, उकाईची पातळी काय, हे सगळं कळत जातं. खाडीपूर वारंवार येतो, गुडघाभर-कमरेएवढा, आणि वर्दी देतो काही तासांचीच. रांदेरच्या माणसाने उकाईकडे पाहावं, लिंबायतच्या माणसाने आभाळाकडे आणि भरतीच्या वेळापत्रकाकडे. पूर शहराला येतो असं आपण म्हणतो. खरं तर तो एकेका ओट्याला येतो. गल्लीच्या तोंडाचं घर कोरडं राहतं आणि चार पायऱ्या खालचं बुडतं.

म्हणून घर घेताना किंवा भाड्याने पाहताना तीन गोष्टी विचाराव्यात. २००६ साली इथे पाणी कुठवर होतं? गेल्या पाच वर्षांत रस्त्यावर साचलेलं पाणी उंबऱ्याच्या आत आलं का? आणि मीटरचे बोर्ड, पाण्याचा पंप, जिन्याखालची टाकी कोणत्या उंचीवर आहेत? दलाल याची उत्तरं गोल गोल देईल. समोरचा किराणावाला बोट भिंतीवर टेकवून दाखवेल.

आगीच्या पोटातला पूर

विम्याबद्दल वाचायला गेलं की अमेरिकी सल्ले हाती लागतात आणि घोटाळा होतो. तिथे घराच्या नेहमीच्या विम्यात पूर नसतो. १९६८ पासून त्यासाठी सरकारचा वेगळा कार्यक्रम आहे, पूरक्षेत्रांचे नकाशे आहेत. आपल्याकडे पुराचा वेगळा विमा सहसा मागावा लागत नाही. तो आगीच्या विम्याच्या पोटात बसलेला असतो. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. आग, भूकंप, वादळ यांच्याबरोबर पूर आणि जलमय होणं त्यात धरलेलं आहे.

ती समजून घ्यायला एक हिशोब करू. समजा, पाचशे चौरस फूट चटईक्षेत्राचा फ्लॅट आहे, बाजारभाव ३५ लाख. विमा ३५ लाखांचा घ्यायचा नसतो. पूर जमीन वाहून नेत नाही, परिसराचा भावही नेत नाही. बांधकामाचा खर्च चौरस फुटाला दोन हजार धरला तर विम्याची रक्कम होते दहा लाख. हप्ता त्यावर बसतो, म्हणून आवाक्यातला असतो. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानालाही रकमेच्या २० टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. इथे ते झालं दोन लाख. फ्रिज, गाद्या, कपाट, मिक्सर यांची यादी आधी द्यावी लागत नाही. त्याहून जास्त सामान असेल किंवा दागिने असतील तर ते वेगळे लिहून घ्यावे लागतात. भाडेकरूने घर आपलं नाही म्हणून विमा सोडू नये. नुसत्या सामानाचा विमा घेता येतो. मात्र वर्षानुवर्षं झिरपणारी ओल आणि जुनी भेग यांना पूर म्हणता येत नाही, आणि त्यांचे पैसेही मिळत नाहीत.

लूमचं खातं, साडीचं दुकान, जरीचं काम यांची गोष्ट अधिक नाजूक. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे. इथे गफलत होते ती रकमेत. दुकानात वीस लाखांचा माल, हप्ता वाचवायला विमा दहा लाखांचा, आणि पुरात सहा लाखांचं नुकसान. दुकानदार म्हणतो, सहा तर दहाच्या आतच आहेत. विमा कंपनी म्हणते, निम्म्या मालाचा विमा होता, तर नुकसानही निम्मंच देणार, तीन लाख. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्याहून जास्त नाही. घराच्या पॉलिसीत ही कात्री लागत नाही.

दुसरी गफलत मालकीची. जॉबवर्कवाल्याच्या खात्यात पडलेलं सूत आणि ग्रेचे, म्हणजे कोऱ्या कापडाचे, ताके व्यापाऱ्याचे असतात. ‘दुसऱ्याचा, आमच्या ताब्यातला माल’ असं पॉलिसीत लिहिलेलं नसेल तर भिजलेल्या ताक्यांवर भांडण ठरलेलं. तिसरी पत्त्याची. दुकान वर आणि गोदाम तळघरात असेल, तर तळघराचा उल्लेख कागदावर हवा. बँकेने कर्जापोटी काढलेला विमा असेल तर तो एकदा वाचून पाहावा. तो किती रकमेचा, कशाचा आणि पूर त्यात आहे की नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. जुन्या आगीच्या पॉलिसींत पूर-वादळाचा भाग काढून टाकून हप्ता कमी करून घेता येत असे. आणि गाडी पाण्यात बंद पडली तर किल्ली फिरवू नये. पाणी ओढून बिघडलेल्या इंजिनाचे पैसे वेगळं इंजिन-संरक्षण घेतलं नसेल तर सहसा मिळत नाहीत.

चिखल धुण्याआधी

पाणी ओसरलं की पहिली ओढ असते झाडूची. थोडं थांबावं. आधी भिंतीवरची चिखलाची रेघ, मोजपट्टी लावून, फोटोत घ्यावी. प्रत्येक वस्तूचा, यंत्रावरच्या क्रमांकाचा फोटो काढावा. कंपनीला त्याच दिवशी कळवून दावा क्रमांक घ्यावा. वाचवता येईल ते वाचवणं हे विमाधारकाचं कर्तव्यच असतं, त्यामुळे वाळेल ते वाळवावं. पण खराब माल सर्वेक्षक येईपर्यंत महापालिकेच्या गाडीत टाकू नये. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, विम्याचं सर्वेक्षण वेगळं. दावा अन्यायाने नाकारला तर विमा लोकपालाकडे वकिलाशिवाय, विनाशुल्क दाद मागता येते. पॉलिसीची प्रत खालच्या कप्प्यात असेल तर तीही भिजलेलीच सापडेल; मोबाइलमध्ये आणि गावाकडच्या एका नातेवाइकाकडे ती असावी.

या सगळ्यात एक बोचरी गोष्ट उरते. अडाजणचा फ्लॅटवाला एवढं करू शकतो. लिंबायतच्या खोलीत चौघांत राहणारा लूम कामगार विमा घेत नाही, कारण त्याच्या हिशोबात सामान असं काही नसतंच. बुडतात ते त्याचे कामाचे दिवस, आणि बुडालेल्या रोजाची भरपाई घराच्या पॉलिसीत नसते. त्याच्यासाठी खाडी साफ असणं आणि वेळेवर मिळालेली वर्दी हाच विमा. त्याचा हप्ता शहराने भरायचा असतो.

म्हणून पुढच्या पावसाळ्यात तो फोन जरूर जावा. मामा हतनूरचा आकडा सांगतीलच. फक्त त्यांनी भाच्याला उलट विचारायला हवं: ‘इथले दरवाजे मी मोजतो रे, पण तुझ्या घराला तापी लागते की खाडी? आणि ओटा किती पायऱ्यांचा आहे?’