लिंबावरचे सात जण

२०१६ च्या जूनमध्ये मी धाकट्या लेकीकडे न्यू जर्सीला गेले होते. एका सकाळी तिच्या मागच्या अंगणात चहा घेत बसले असताना कानाशी भुंग्यासारखं काहीतरी घुमलं. मी हाताने वारणार, तोच लेक दबक्या आवाजात म्हणाली, "आई, हलू नकोस." समोरच्या लाल साल्व्हियाच्या तुऱ्यापुढे अंगठ्याएवढा एक पक्षी हवेत उभा होता. उभा म्हणजे अगदी उभा! पंख दिसतच नव्हते, नुसता धूसर झोत. चोच फुलात घातली, काढली, जरासा मागे सरकला (हो, मागे उडाला) आणि दुसऱ्या फुलाकडे वळला. तो हमिंगबर्ड. वजन जेमतेम ३ ग्रॅम, पंखांची उघडझाप सेकंदाला ५० वेळा.

लेकीचं अंगण काही फार मोठं नव्हतं. मे महिन्यात हिमदवाची भीती संपली की ती झिनियाचं बी पेरते, साल्व्हियाची रोपं आणते आणि एका लाल झाकणाच्या बाटलीत एक भाग साखर आणि चार भाग पाणी भरून टांगते. सप्टेंबर सरता सरता ही मंडळी दक्षिणेकडे निघून जातात आणि थंडीच्या पहिल्या कडाक्यात फुलंही संपतात. पुढच्या वर्षी पुन्हा नवं बी, पुन्हा तेच पाहुणे. मला ते फार आवडलं. आपल्याकडे असं करायचं, असं मनाशी ठरवूनच विमानात बसले.

आता हमिंगबर्ड हा फक्त अमेरिका खंडांतला पक्षी. तो पुण्यात येणार नाही हे मलाही ठाऊक होतं. पण आपल्याकडे शिंजीर आहे. त्यालाच सूर्यपक्षी म्हणतात. बाल्कनीत तो दिसला की पुष्कळ जण "आमच्याकडे हमिंगबर्ड येतो" असं हौसेनं सांगतात. दोघांचं नातं मात्र काही नाही. मधासाठी लांब बाकदार चोच दोघांनाही मिळाली, एवढंच. शिंजीर क्वचित क्षणभर हवेत तरंगतो, नाहीतर आपला फांदीवर बसून शांतपणे जेवतो. कधीकधी तर फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध चोरतो. मला हा लबाडपणा हमिंगबर्डच्या कसरतीपेक्षाही आवडतो.

आणखी एक गंमत नंतर वाचताना कळली. झिनिया, कॉसमॉस आणि आपला दसऱ्याचा झेंडू ही तिन्ही मुळात मेक्सिकोकडची. म्हणजे ज्या झेंडूशिवाय आपलं तोरण होत नाही, त्याच्या पूर्वजांवर हमिंगबर्ड घिरट्या घालत असणार! तेरडा मात्र आपला. गौरीच्या दिवसांत फुलणारा, कास पठारावर सप्टेंबरात ज्याचे रानातले भाऊबंद गुलाबी गालिचे घालतात तो. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणून आपण त्याला उगीच हिणवलं आहे. माझ्याकडे तो गणपतीपासून दसऱ्यापर्यंत टिकतो.

आमचं घर तळमजल्यावर. खिडकीखाली बारा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी मातीची पट्टी, एका टोकाला लिंबाचं झाड, दुसऱ्या टोकाला कढीपत्ता. दोन वर्षं चुका करण्यात गेली. नर्सरीतून भरगच्च, दुहेरी पाकळ्यांचे झेंडू आणले. दिसायला लाडवासारखे, पण फुलपाखरू त्यावर टेकायचं आणि निघून जायचं. भरगच्च फुलांत मधला मधाचा भाग पाकळ्यांनी व्यापलेला असतो, हे मला फार उशिरा समजलं. एकेरी पाकळ्यांची, मधलं पिवळं केंद्र उघडं असलेली झिनिया आणि कॉसमॉसची फुलं लावली, तेव्हा कुठे पाहुणे टिकू लागले. एकेक रोप निरनिराळ्या रंगाचं लावण्यापेक्षा एका रंगाचा दाट ताटवा केला तर त्यांना दुरून दिसतो. ऊन हवं, निदान पाच-सहा तास तरी. वारा अडवायला मागे भिंत असली तर उत्तम.

२०१८ च्या जूनमध्ये आमच्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण त्या पुन्हा नीट चालू शकल्या नाहीत. आईंचा पलंग आम्ही त्या खिडकीशी हलवला. गुहागरकडच्या वाडीत वाढलेली बाई. चार भिंतींत कोंडून पडणं त्यांना किती जड गेलं असेल ते त्या कधी बोलल्या नाहीत. मी त्या पावसाळ्यात जिद्दीने पेरलं. ऑगस्टच्या अखेरीस खिडकीबाहेर नुसता रंगांचा कल्लोळ होता. पिवळी चिमुकली फुलपाखरं, नारिंगी प्लेन टायगर आणि एकदोनदा ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपली राणी पाकोळी. महाराष्ट्राने २०१५ मध्ये तिला राज्य फुलपाखराचा मान दिला. ती काळ्या मखमलीवर निळ्या शाईचे ठसे घेऊन आली, की मी स्वयंपाकघरातून हात पुसत धावत येई आणि म्हणे, "आई, बघितलंत का?" त्या हसून म्हणत, "बघितलं गं."

मला वाटायचं, त्या फुलं बघतात.

सप्टेंबरमध्ये लिंबाच्या झाडाची कोवळी पानं कुरतडलेली दिसू लागली. पक्ष्यांच्या शिटेसारखे काळे-पांढरे ठिपके पानांवर, आणि नीट पाहिलं तर ते हलत होते! काही अळ्या मोठ्या, हिरव्यागार. हात लावला तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून असा उग्र वास सोडला की मी दोन पावलं मागे गेले. कढीपत्त्याचीही तीच गत. गौरी जेवायच्या दिवशी फोडणीला चार पानं मिळेनात. बियाणांच्या दुकानातून अळीवरचं औषध आणलं आणि एका संध्याकाळी लिंबावर, कढीपत्त्यावर, आणि हात फिरताफिरता झिनियावरही मारून टाकलं. मला कामं पुरी करायची सवय आहे.

चार दिवसांनी आईंनी विचारलं, "आज कुणीच आलं नाही का गं?"

मी म्हटलं, येतील, ढग आहेत. मग त्या थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "लिंबावर सात जण होते. मी रोज मोजत होते. दोन तर आता कोशात जायच्या बेताला आले होते."

त्या फुलं बघतच नव्हत्या. दिवसभर पडल्यापडल्या त्यांची नजर त्या लिंबाच्या फांदीवर असायची, कारण ती खिडकीला सर्वांत जवळ होती. कोणती अळी कोणत्या पानावर आहे, कुणी कात टाकली, कुणाला बुलबुलाने उचललं, सगळं त्यांना ठाऊक होतं. "तुम्ही मला सांगितलं का नाहीत?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तुला अळ्यांची किळस येते. आणि झाड तुझं."

त्यांचा सूर रागाचा नव्हता. त्यानेच मला जास्त लागलं.

मागच्या बाजूला कपडे वाळत घालायच्या जुन्या तारेला शिंजिराचं लोंबतं घरटं होतं, कोळ्याच्या जाळ्यांनी आणि सालींच्या कपच्यांनी विणलेलं. मादी सारखी ये-जा करायची. तेही त्याच आठवड्यात ओस पडलं. माझ्या औषधानेच असं झालं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कावळा असेल, मांजर असेल. पण शिंजीर मध पीत असला तरी पिल्लांना किडे आणि कोळी भरवतो, आणि ते मी बागेत शिल्लक ठेवले नव्हते, हे मात्र खरं.

तेव्हापासून मी फुलपाखरांसाठी फुलं लावण्याचा विचार उलट टोकाने करू लागले. फुलं ही खानावळ, तिथे कुणीही येतं. घर मात्र पानांवर असतं, आणि प्रत्येकाचं पान ठरलेलं. लाइम बटरफ्लाय, राणी पाकोळी यांना लिंबाच्या जातीची झाडं लागतात. कॉमन मॉरमॉनला कढीपत्ताही चालतो. प्लेन टायगरला रुई. आणि हंगामी फुलझाडांतली माझी सर्वांत लाडकी गोष्ट म्हणजे चिनी गुलाब, ज्याला काही जण 'ऑफिस टाइम' म्हणतात. त्यावर आणि त्याच्या भाऊबंद घोळीच्या भाजीवर एगफ्लाय जातीची फुलपाखरं अंडी घालतात. मादी पानावर पाय टेकवून चव घेते, खात्री झाली तरच अंडं ठेवते. फुलपाखरांना चव पायांनी कळते! रुई तेवढी कुंपणाबाहेर, तिचा चीक डोळ्यांत गेला तर वाईट, मुलं असतील तर जपावं.

औषधाची बाटली मी पुन्हा आणली नाही. मावा फारच झाला तर पाण्याचा जोरदार फवारा, नाहीतर बोटांनी पुसून काढते. झाडं थोडी उसवलेली दिसतात. सोसायटीच्या बागस्पर्धेत मी आता भाग घेत नाही. परीक्षक कुरतडलेल्या पानांचे गुण कापतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

पुढच्या जूनमध्ये पेरणीआधी मी आईंना विचारलं, काय लावू? त्या म्हणाल्या, "तेरडा. आणि लिंबाला हात लावू नकोस." जुलैअखेर फांदीवर पहिले काळे-पांढरे ठिपके आले. रोज सकाळी चहा देताना मी "किती?" विचारायची आणि त्या आकडा सांगायच्या. एकदा अकरापर्यंत गेला. सप्टेंबरमध्ये खिडकीच्या गजालाच एका अळीने कोश केला, आईंच्या उशापासून दोन हातांवर. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सगळं मिळून महिनाभराचा कारभार, पण शेवटची पाच-दहा मिनिटंच खरी बघायची असतात. त्या सकाळी आईंनी मला हाक मारली नाही. मी पोहोचले तेव्हा रिकामा कोश गजाला चिकटलेला होता आणि फुलपाखरू तेरड्याच्या शेंड्यावर पंख वाळवत होतं.

"हाक का नाही मारलीत?"

"आवाज केला असता तर दचकलं असतं," त्या म्हणाल्या.

२०२० च्या जानेवारीत त्या गेल्या. पलंग आता तिथे नाही, तिथे माझी खुर्ची असते. या वर्षीच्या लिंबावर आज सकाळी चौदा जण आहेत. कढीपत्त्याची अवस्था त्याहून वाईट. फोडणीपुरता मी तो सध्या मंडईतून आणते.