फाशी : न सुधारता येणारी चूक

एखाद्या भयंकर गुन्ह्याची बातमी आली की आपल्या हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये निकाल पाच मिनिटांत लागतो. "भर चौकात लटकवा!" मेसमध्ये दुसरी चपाती येईपर्यंत फाशी देऊनही झालेली असते. मी साताऱ्याचा, शिकायला सांगलीत. दोन्हीकडच्या कट्ट्यांवर हेच ऐकतो. तो राग खोटा नसतो. पण मित्रांनो, पकडलेला माणूस तोच कशावरून, हे त्या गडबडीत कुणी विचारत नाही. म्हणून आपल्याच महाराष्ट्रातली एक केस सांगतो.

५ जून २००३ च्या रात्री शेतातल्या एका झोपडीवर दरोडा पडला. एकाच कुटुंबातले पाच जण मारले गेले, बायामुलींवर अत्याचार झाले. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा जण पकडले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. त्या सहातला एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर सिद्ध झालं!

आता पुढचं वाचा. २०१८ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल मागे घेतला, केस नव्याने ऐकली आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडलं. का? तर त्या हल्ल्यातून वाचलेल्या बाईने अगदी सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधल्या फोटोंवरून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं. त्या चौघांचा धड तपासच झाला नव्हता. कोर्टाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचे आदेश दिले. तोवर सोळा वर्षं गेली होती. म्हणजे आपल्या चार डिग्र्या.

आपल्याला शिकवतात की मटेरियलमध्ये दोष असणार, लोड अंदाजापेक्षा जास्त येणार, म्हणून फॅक्टर ऑफ सेफ्टी घ्या. कायद्यातही तो घेतलेला आहे. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय देता येत नाही. त्यावर अपील, फेरविचार, शेवटी राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. मग या दरोड्याच्या केसमध्ये तिन्ही कोर्टं कशी चुकली? साधं आहे. एकाच बिघडलेल्या सेन्सरला तीन मीटर जोडले तर तिन्ही मीटर तेच चुकीचं रीडिंग दाखवणार. कोर्टं तीन, पण तपासाची फाइल एकच. मुळात तपास खोटा असेल तर वरच्या चाळण्या किती लावणार?

आणि हे सहा जण वाचले कशामुळे? आपण ज्याला शिव्या घालतो त्या दिरंगाईमुळे! "लवकर लटकवा" ही मागणी २००९ मध्येच मान्य झाली असती, तर २०१९ चा निकाल ऐकायला एकही जण उरला नसता.

सगळेच असे नशीबवान नसतात. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की फाशी फक्त 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणात द्यायची, आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराची परिस्थितीही बघायची. राजस्थानातल्या रावजीच्या बाबतीत कोर्टाने फक्त गुन्हा पाहिला. १९९६ मध्ये त्याला फाशी झाली. मे २००९ मध्ये, महाराष्ट्रातल्याच बरियार खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की रावजीचा निकाल बच्चनसिंगच्या नियमाला सोडून होता. मान्य केलं, पण माणूस तेरा वर्षांपूर्वीच गेलेला. गुन्हा त्याने केला असेलही. पण ही शिक्षा बसत नव्हती. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली, की अशाच चुकीच्या आधारावर तेरा जणांना फाशी सुनावली गेली आहे. त्या दरोड्याच्या केसमधले आरोपी त्यांतलेच.

आमच्या साताऱ्यात गेंडामाळ आहे. ८ सप्टेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी तिथे सतरा जणांना मारलं. कुणाला फासावर, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या घालून. सरकारी दप्तरात ते गुन्हेगार होते, आज आपण त्यांना हुतात्मे म्हणतो. ही तुलना दरोड्याशी नाही. सांगायचं एवढंच, की सत्तेचा निकाल काळाबरोबर उलटू शकतो, पण मेलेला माणूस परत येत नाही.

कुणी म्हणेल, फाशी गेली तर गुन्हेगारांना धाक कुणाचा? न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने २०१५ मध्ये २६२ वा अहवाल दिला. जन्मठेपेपेक्षा फाशीचा धाक जास्त असतो याला पुरावा नाही, असं त्यात म्हटलंय, आणि दहशतवादाचे गुन्हे सोडून फाशी रद्द करा अशी शिफारस केलीय. माझ्या मते तो अपवादही नको. तिथे पोलिसांवर दबाव सर्वात जास्त, म्हणजे चुकीची शक्यताही जास्त.

"मग ज्यांचं माणूस गेलं त्यांचं काय?" हा प्रश्न मात्र टाळून चालणार नाही. कोल्हापूरचं बालहत्याकांड आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. १९९६ मध्ये अटक झाली आणि दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. पंचवीस वर्षं त्या आईबापांना "आता होईल, मग होईल" म्हणत लटकवून कुणी ठेवलं? याच शिक्षेने. त्यापेक्षा पर्याय आहे. श्रद्धानंद खटल्यापासून, म्हणजे २००८ पासून, सर्वोच्च न्यायालय 'मरेपर्यंत सुटका नाही' अशीही जन्मठेप देतं. गुन्हेगार बाहेर येत नाही, आणि उद्या चूक कळली तर कुलूप उघडता येतं.

शेवटचा मुद्दा. त्या दरोड्याच्या केसमध्ये फाशीची शिक्षा सहा निरपराधांना झाली, आणि खरे खुनी मोकळे राहिले. त्या कुटुंबाला न्याय मिळाला का? पुढच्या वेळी टीव्ही रूममध्ये "लटकवा" म्हणण्याआधी निदान एवढं विचारा : कुणाला?