घास नेमका कुठे अडकतो?

अन्ननलिका सुमारे २५ सेंटीमीटर लांब. तिचे स्नायू लाटेसारखे आवळत घास खाली ढकलतात, तळाचं स्नायूंचं कडं सैल होतं. अ‍ॅकॅलेशियात चेतापेशी नष्ट झाल्याने ते कडं नीट उघडत नाही. स्क्लेरोडर्मात उलट ढिलं पडतं, आम्ल वर येतं. पक्षाघातात बहुधा घशातच बिघाड होतो.

सुरती भाषेत सांगते: आधी घारी अडकली, मग हळूहळू चहाही, तर नळी अरुंद होत असावी. लोचो आणि चहा पहिल्यापासून दोन्ही अडकत असतील, तर संशय स्नायूंवर. मॅनोमेट्रीत आतला दाब मोजून उलगडा होतो.

आजी मिस्सेत कम्युनियन टाळू लागली, तर तिच्या श्रद्धेवर शंका घेऊ नका. गिळायला त्रास होतो का, ते विचारा. डॉक्टरांकडे न्या. फादरांनाही सांगा, गरज असेल तर नुसत्या द्राक्षारसाच्या रूपातही कम्युनियन देता येतं.